मागच्या पानावरची यादी आधी वाचा: डिग्रीच्या वर्गात ऑक्सफर्ड बुकवर्म्स

ऑक्सफर्ड बुकवर्म्स ही इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत लिहिलेल्या गोष्टींची मालिका, पायरीपायरीने अवघड होत जाणारी. तिचं पुस्तक हातात आलं की आपण मुखपृष्ठ बघतो, पाठीमागचा मजकूर वाचतो आणि पहिल्या पानाकडे वळतो. शिकवणाऱ्याने सुरुवात शेवटाकडून करावी. अगदी मागच्या पानांत मालिकेच्या सगळ्या पायऱ्यांची एक यादी बारीक टायपात छापलेली असते. कुठल्या पायरीला किती मूळ शब्द (हेडवर्ड; गो, गोज, वेंट मिळून एकच) आणि कोणत्या व्याकरणरचना, एवढंच तिच्यात असतं. ती जाहिरातीसारखी दिसते, म्हणून कुणी वाचत नाही. पण पदवीच्या वर्गात वाचन आणि व्याकरण एकाच मजकुरातून शिकवायचं असेल, तर या मालिकेसाठी पैसे मोजायचे ते या यादीपायी. गोष्टी चांगल्या आहेतच, पण गोष्टी इतरत्रही मिळतात.

पहिल्या पायरीवर ४०० मूळ शब्द, दुसऱ्या ७००, तिसऱ्या १०००, चौथ्या १४००, पाचव्या १८०० आणि सहाव्या २५००. पहिलीच्याही खाली २५० शब्दांची स्टार्टर पातळी आहे. व्याकरणाची चढण अशी: पहिल्या पायरीवर साधा भूतकाळ आणि अँड, बट, बिफोर, आफ्टर, व्हेन, बिकॉज यांनी जोडलेली वाक्यं. दुसरीवर प्रेझेंट परफेक्ट, विल, हॅव टू, कुड, पास्ट कंटिन्युअस, साधी इफ-वाक्यं आणि तुलना. तिसरीवर पास्ट परफेक्ट, यूज्ड टू, शुड, मे, संबंधी उपवाक्यं आणि अप्रत्यक्ष विधानं. चौथीवर साधा पॅसिव्ह (कर्मणी रचना), अप्रत्यक्ष प्रश्न, वुडची इफ-वाक्यं. पाचवीवर वुड हॅव आणि पॅसिव्हची अवघड रूपं. वरच्या पायरीवर खालचं सगळं असतंच, त्यात नव्याची भर पडते.

याचा वर्गातला फायदा साधा आहे. कादंबरीतलं एखादं पान उचलून 'यातून पास्ट परफेक्ट शिकवू' म्हटलं, तर त्याच पानावर आणखी सात अवघड गोष्टी असतात आणि मुलं त्यातल्या पाचांवर अडतात. बुकवर्म्सच्या तिसऱ्या पायरीवर मात्र पास्ट परफेक्ट असेल आणि पॅसिव्हने कुणाला त्रास द्यायचा नाही, हे लेखकालाच घातलेलं बंधन आहे.

या जातीच्या पुस्तकांचं मूळ आपल्यापासून फार लांब नाही. १९२०च्या दशकात ढाक्यात शिक्षक घडवणारे मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांसाठी मोजक्या शब्दांची वाचनमाला तयार केली, ती या परंपरेतली सुरुवातीची. परक्या भाषेत मुलाला आधी वाचता आलं पाहिजे, बोलणं मागाहून येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची २००० शब्दांची यादी १९५३ साली आली आणि श्रेणीबद्ध पुस्तकं लिहिणाऱ्यांनी ती पुढे कित्येक वर्षं वापरली.

पायरी निवडताना पहिली चूक होते ती प्रतिष्ठेपायी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे प्रथम वर्षाला येणाऱ्या मुलाने बारा वर्षं इंग्रजी 'केलेलं' असतं, आणि त्याच्या हातात 'स्टेज १' लिहिलेलं पुस्तक द्यायला संकोच वाटतो. मग थेट चौथी पायरी मागवली जाते, ती कपाटात राहते आणि 'मुलं वाचतच नाहीत' असा निष्कर्ष निघतो. निवडीची कसोटी सोपी आहे. पुस्तकाच्या मध्यातलं एक पान घ्या, त्यातले २०० शब्द मोजा आणि अडलेल्या शब्दाखाली प्रत्येकाला पेन्सिलने टिंब द्यायला सांगा. चारपर्यंत टिंबं आली तर पायरी बरोबर आहे. १०० शब्दांत ९८ ओळखीचे असले की शब्दकोशाशिवाय आरामात वाचता येतं, असं शब्दसंग्रहाचे अभ्यासक सांगतात, आणि चाराचा हिशोब तोच. आठ-दहा टिंबं आली तर एक पायरी खाली. मराठी माध्यमातून आलेल्या कला-वाणिज्यच्या वर्गात ही चाचणी घेतली की मोठा गट दुसऱ्या पायरीवर थांबतो, थोडे तिसरीवर, आणि चार-पाच जण सगळ्यांच्या पुढे असतात. वाचलेली पानं मोजायची, मुखपृष्ठावरचा आकडा नव्हे, हे पहिल्याच तासाला वर्गाला सांगून टाकावं.

पहिल्या पायरीचं पुस्तक साधारण पाच-सहा हजार शब्दांचं असतं. मिनिटाला १०० शब्दांच्या सावकाश वेगानेही ते तासाभरात संपतं. आयुष्यात इंग्रजी पुस्तक पहिल्यांदा पूर्ण वाचून खाली ठेवणाऱ्यासाठी हा तासभर फार मोलाचा असतो, म्हणून दुसऱ्या पायरीची मुलंही पहिलीच्या एका पुस्तकाने सुरू करावीत. 'द एलिफंट मॅन' त्याला उत्तम. विषय गंभीर आहे, बालिश वाटत नाही आणि साध्या भूतकाळात भरधाव जातो.

आता मूळ कामाकडे. मालिका व्याकरणाची यादी देते, पण शिकवून देत नाही. सांधा शिक्षकाने जुळवायचा असतो, आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तो कुठे जुळवायचा हे ऑक्सफर्डला माहीत असण्याचं कारण नाही.

तिसऱ्या पायरीवरचा पास्ट परफेक्ट घ्या. समजायला मराठी मुलांना तो सोपा जातो. 'ती पोचली तेव्हा गाडी सुटली होती' आणि 'ती पोचली तेव्हा गाडी सुटली' यातला फरक घरचाच आहे. घोटाळा होतो तो वापरताना. आपण 'मी काल मुंबईला गेलो होतो' असं सहज म्हणतो. त्या 'होतो'ला कशाच्या तरी आधीचं असण्याची गरज नसते, नुसतं झालं-गेलं सांगायलाही तो चालतो. त्यातूनच 'आय हॅड गॉन टू मुंबई येस्टरडे' जन्माला येतं. नियमाचं वाक्य फळ्यावर लिहून ते जात नाही. मजकुरातून जातं, कारण मजकुरात प्रत्येक हॅडला शेजारी एक खुंटी असते, म्हणजे ज्याच्या आधी ते घडलं ती दुसरी घटना. ती शोधायला लावायची.

तास असा बसवावा. 'फ्रँकेन्स्टाइन'सारख्या तिसऱ्या पायरीच्या पुस्तकातली अडीच-तीन पानं निवडा, जिथे एखादं पात्र मागची हकिगत सांगतं. पहिली सात-आठ मिनिटं मूकवाचन. या वाचनात व्याकरणाचं नाव काढायचं नाही. कोण, कुठे, पुढे काय, एवढे दोन-तीन प्रश्न. दुसऱ्या वाचनात हॅडखाली रेघ. इथे हमखास गोंधळ होतो. मुलं 'हॅड अ डॉग' आणि 'हॅड टू गो' यांच्याखालीही रेघा ओढतात. आधी सावध करू नका, होऊ द्या. मग विचारा, यातल्या कोणत्या हॅडच्या पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आहे? बाकीच्या रेघा खोडल्या जातात आणि तीन प्रकारचे हॅड एका फटक्यात वेगळे होतात. उरलेल्या प्रत्येक हॅडजवळ समासात एकच प्रश्न लिहायचा: कशाच्या आधी? उत्तर म्हणून त्याच परिच्छेदातलं साध्या भूतकाळातलं क्रियापद दाखवावं लागतं. फळ्यावर दोन ओळी काढा. वरच्या ओळीत घटना लेखकाने सांगितल्या त्या क्रमाने, खालच्या ओळीत घडल्या त्या क्रमाने, आणि प्रत्येक घटना वरून खाली रेषेने जोडा. जिथे दोन ओळींमधल्या रेषा एकमेकींना छेदतात तिथे बहुतेक वेळा हॅड बसलेला असतो. वर्गाने हे एकदा पाहिलं की 'येस्टरडे' असलेल्या वाक्याला 'कशाच्या आधी?' विचारता येतं, आणि उत्तर नसलं की हॅड गळतो.

शेवटची दहा मिनिटं पुस्तक मिटून. त्यातलाच आठ-नऊ ओळींचा परिच्छेद फळ्यावर लिहा, क्रियापदं मूळ रूपात ठेवा आणि मुलांनी काळ भरावेत. पडताळा पुस्तकाशी, शिक्षकाशी नाही. काही ठिकाणी लेखकाने साधा भूतकाळ वापरलेला असतो आणि मुलाने हॅड घातलेला असतो, आणि तोही बरोबरच असतो. 'आफ्टर' किंवा 'बिफोर' असलं की क्रम आधीच कळलेला असतो. हे बोलण्याची सगळ्यात चांगली जागा इथेच सापडते.

अशा तासाला एकच रचना. एकाच उताऱ्यातून पास्ट परफेक्ट, यूज्ड टू आणि अप्रत्यक्ष विधान असं तिन्ही उरकायचा मोह होतो, आणि मग वाचनही जातं, व्याकरणही. पुस्तकातले सगळे उतारेही असे चिरफाड करायला घेऊ नयेत. साठ-सत्तर पानांतली पाच-सहा पानं व्याकरणाला, बाकी सगळी नुसती वाचायला.

संबंधी उपवाक्यांवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण इथे वाचनच चुकतं. मराठीत 'जो माणूस देवळामागच्या घरात राहायचा, तो आंधळा होता' असं आपण म्हणतो. जो येतो तेव्हा कळतं की उपवाक्य सुरू झालं, आणि तो येतो तेव्हा कळतं की संपलं. दोन्ही टोकांना खांब. इंग्रजीत 'द मॅन हू लिव्ह्ड इन द हाउस बिहाइंड द टेम्पल वॉज ब्लाइंड'. सुरुवातीला हू आहे, पण शेवट कुठे हे दाखवणारं काहीच नाही. 'आंधळं कोण?' असं विचारा. 'टेम्पल वॉज ब्लाइंड' असं वाचून गोंधळलेले चेहरे दिसतील. उपाय: हूपासून कंस उघडा आणि काळ दाखवणारं दुसरं क्रियापद आलं की त्याच्या आधी बंद करा. आता कंस झाकून वाचा. पुढचा प्रकार अधिक फसवा, कारण तिथे हू किंवा दॅट गाळलेला असतो: 'द लेटर शी रोट नेव्हर रीच्ड हिम'. नाम आणि लगेच दुसरा कर्ता, मध्ये ना स्वल्पविराम ना अँड. 'लेटर शी' असे दोन शब्द चिकटून दिसले की कंस उघडायचा. एवढी एक खूण पक्की झाली की तिसऱ्या पायरीवरचा वाचनवेग वाढतो, आणि तो मोजता येतो. महिन्याच्या अंतराने त्याच लांबीचं पान आणि घड्याळ, बस.

अनेक पुस्तकांना ध्वनिमुद्रण मिळतं. ते बहुतेक वेळा उच्चारासाठी लावलं जातं, पण त्याचा उत्तम उपयोग या कंसांसाठी होतो. वाचणारा उपवाक्य संपताना किंचित थांबतो. कंस आधी पेन्सिलने घालून मग ऐकायचं. वाचणाऱ्याचे थांबे आणि आपले कंस जुळले की मूल स्वतःच हसतं.

अप्रत्यक्ष विधानांत आपला 'की' आडवा येतो. 'तो म्हणाला की मी उद्या येतो' या मराठी वाक्यात मी आणि येतो, दोन्ही जशास तसे राहतात. इंग्रजीत 'ही सेड ही वुड कम द नेक्स्ट डे'. परीक्षेसाठी हे उलटंपालटं करण्याचे तक्ते मुलांना पाठ असतात, पण वाचताना 'ही सेड ही वॉज इल' मधला दुसरा ही कोण, हे विचारलं की थबकतात. इथे रूपांतराचा स्वाध्याय उलट दिशेने द्यावा. पुस्तकातलं अप्रत्यक्ष वाक्य घ्या आणि चित्रकथेतल्या फुग्यात बसेल असं त्या पात्राच्या तोंडचं मूळ वाक्य लिहा. एका पानावर चार फुगे पुरतात.

उपपदं मात्र मालिकेच्या यादीत कुठेच नाहीत, आणि मराठी मुलांची सगळ्यात चिवट चूक तीच आहे. मालिकेला दोष देण्यात अर्थ नाही. अ आणि द पहिल्या ओळीपासून असतातच, त्यांची पायरी कशी करणार? शिक्षकाने मात्र त्यांना वेगळा तास द्यावा. १२० शब्दांचा उतारा, त्यातली जास्तीत जास्त बारा उपपदं गाळलेली. पर्याय तीन: अ किंवा अॅन, द, आणि काहीच नाही. तिसरा पर्याय फळ्यावर ठळक लिहा, नाहीतर प्रत्येक रिकाम्या जागेत काहीतरी कोंबलंच जातं. पुस्तकाशी न जुळलेल्या प्रत्येक जागी कारण लिहायचं: पहिल्यांदा आलं, आधी आलंय, की सगळ्या जातीबद्दल बोलणं आहे. आणि एखादी वस्तू पानभर कशी फिरते याची साखळी काढायची: अ बॉक्स, द बॉक्स, इट. त्या 'इट'च्या ठिकाणी मुलं 'ही' किंवा 'शी' लिहितात, कारण आपल्याकडे डबा तो असतो आणि पेटी ती असते. हा आपल्या भाषेचाच ठसा आहे, आणि साखळी काढताना तो आपोआप पुसला जातो.

आता मुख्य तक्रार. पॅसिव्ह चौथ्या पायरीवर येतो. गोष्टीपुरतं ठीक, पण पदवीच्या मुलाला ते परवडत नाही. त्याच्या इतर विषयांच्या पुस्तकात पहिल्या पानापासून पॅसिव्हच आहे. 'गुड्स सोल्ड ऑन क्रेडिट वेअर रिटर्न्ड अँड द कस्टमर्स अकाउंट वॉज क्रेडिटेड', हे वाणिज्यचं नेहमीचं वाक्य. मूल 'गुड्स सोल्ड' वाचतं, 'माल विकला' समजतं, आणि वेअर रिटर्न्ड कुठे जोडायचं ते कळत नाही. म्हणजे बुकवर्म्सची तीन पायऱ्या इमानेइतबारे चढलेला विद्यार्थीही स्वतःच्या अकाउंटन्सीच्या पुस्तकात शिरू शकत नाही. डिग्री वर्गासाठी ही मालिका घेताना हे भोक माहीत असलंच पाहिजे.

पॅसिव्ह कळला की नाही हे भाषांतराने तपासू नका. 'द लेटर वॉज रिटन बाय हिम' याचं चांगलं मराठी 'पत्र त्याने लिहिलं' असंच होतं. आपलं क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणेच बदलतं, त्यामुळे कर्तरी आणि कर्मणी यांचा सांधा मराठीत दिसेनासा होतो. मूल बरोबर मराठी सांगतं आणि इंग्रजी रचना त्याला कळलेलीच नसते. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा: हे कुणी केलं? ते वाक्यात सांगितलंय का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' यायला लागलं की पॅसिव्ह का वापरतात हेही समजतं. खातं कोण जमा करतो हे महत्त्वाचं नसतं, म्हणून तो वाक्यातून गायब असतो.

भोक बुजवायला चौथ्या पायरीची वाट पाहू नये. तिसऱ्या पायरीवर असतानाच आठवड्यातला एक तास मुलांच्या स्वतःच्या विषयाच्या पुस्तकातल्या ८० शब्दांना द्यावा. काळ दाखवणाऱ्या क्रियापदाला चौकट. शेवटी इडी असलेलं क्रियापद किंवा तिसरं रूप दिसलं की त्याच्या आधी इज, आर, वॉज, वेअर, बीन यातलं काही आहे का ते बघा. असलं तर पॅसिव्ह. हॅव किंवा हॅड असलं तर तो परफेक्ट. काहीच नसलं, रूप नामाला चिकटून असलं आणि पुढे चौकटीतलं क्रियापद आलं, तर ते विशेषण: 'जो माल उधारीवर विकला, तो'. इथे संबंधी उपवाक्यांचे कंस पुन्हा कामाला येतात, कारण 'गुड्स सोल्ड' म्हणजे 'गुड्स दॅट वेअर सोल्ड'चाच आखूड अवतार. म्हणून आधी कंस शिकवावेत, पॅसिव्ह त्यानंतर. क्रम उलटा केला की हा दुवा हातचा जातो.

पुस्तकाच्या शेवटी वाचनापूर्वी, वाचताना आणि वाचल्यानंतर असे स्वाध्याय असतात. वाचनापूर्वीचे अंदाज बांधण्याचे चांगले आहेत, दहा मिनिटांत वर्ग तापतो. वाचल्यानंतरच्या स्वाध्यायांत वाक्यं जोडण्याचे आणि पात्रांचे संवाद क्रमाने लावण्याचे जरूर घ्यावेत. बाकीचे गोष्ट समजली का ते तपासतात आणि तिथेच थांबतात. व्याकरणाची यादी मागे, स्वाध्यायही मागे, पण दोघांची फारशी ओळख नाही. यादीतल्या रचनांवर बेतलेली दोन पानं प्रत्येक पुस्तकात असती, तर या परीक्षणातला निम्मा मजकूर लिहावा लागला नसता.

यावर कुणी म्हणेल, मग रेमंड मर्फींचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज'च का नको? डाव्या पानावर समजावणं, उजव्या पानावर सराव, मागे उत्तरं. पाचव्या आवृत्तीत १४५ घटक. एकट्याने अभ्यास करायला ते अजूनही अव्वल आहे. पण त्यातली वाक्यं सुटी असतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. सुट्या वाक्यात 'कशाच्या आधी?' हा प्रश्न फार दूर जात नाही, आणि द का आला हे तर एका वाक्यात बहुतेक वेळा दाखवताच येत नाही. म्हणून त्याची जागा वाचनानंतर. हॅडचा तास झाला की घरी १५वा घटक, पॅसिव्हनंतर ४२ ते ४४, आणि 'गुड्स सोल्ड'वाल्या वाक्यांसाठी ९७वा. ग्रंथालयात पाच-सहा प्रती पुरतात. पहिल्या घटकापासून ओळीने सुरू केलेला वर्ग विसाव्याच्या आसपास दमतो.

दोन क्रेडिटचा, म्हणजे ३० तासांचा पेपर असेल तर वाटणी अशी जमते. पहिले दोन तास पायरी-चाचणी आणि पहिल्या पायरीचं एक पुस्तक वर्गातच. मग दुसऱ्या पायरीला दहा तास. त्यात जास्त वेळ प्रेझेंट परफेक्टला, कारण 'आय हॅव मेट हिम येस्टरडे' ही चूकही मराठीतूनच येते. 'मी त्याला काल भेटलोय' आपल्याला चालतं, इंग्रजीला चालत नाही. तिसऱ्या पायरीला बारा तास, त्यातले पाच संबंधी उपवाक्यांना. उरलेले सहा विषयाच्या पुस्तकातल्या उताऱ्यांना. चौथी पायरी या पेपरात बसत नाही. बसवायला गेलात तर तिसरी कच्ची राहते.

८० जणांच्या वर्गासाठी ८० सारख्या प्रती घेऊ नका. व्याकरणाच्या तासाला सगळ्यांसमोर एकच पान हवं, त्यासाठी एका पुस्तकाच्या ४० प्रती, बाकावर दोघांत एक. घरी नेण्यासाठी त्याच पायरीची वीस वेगळी पुस्तकं, प्रत्येकी दोन प्रती. खर्च तोच, निवड वीसपट. दुसऱ्या पायरीवर 'ड्रॅक्युला' आणि 'शेरलॉक होम्स शॉर्ट स्टोरीज' आधी उचलली जातात, तिसरीवर 'फ्रँकेन्स्टाइन'. 'द सीक्रेट गार्डन' मुखपृष्ठामुळे लहान मुलांचं वाटतं आणि मुलगे हात लावत नाहीत, म्हणून ते वर्गसंचासाठी ठेवावं. कथा नकोशा वाटणाऱ्यांसाठी याच मालिकेत फॅक्टफाइल्स नावाची माहितीपर पुस्तकं आहेत, चित्रं भरपूर.

घरी वाचलं की नाही हे तपासायला सारांश मागू नका. तो फोनवर तयार मिळतो. वहीत तीन ओळी पुरतात: कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत, किती मिनिटं, आणि या आठवड्याची रचना असलेलं एक वाक्य पानाच्या क्रमांकासह उतरवून. पानाचा क्रमांक फोन सांगत नाही. ८० वह्या बघायला अर्धा तास लागतो, कारण प्रत्येक वहीत बघायचं असतं एकच वाक्य.

प्रती आल्या की एक काम लगेच करावं. कोऱ्या पुस्तकात पहिला वाचणारा ओळीवर मराठी अर्थ लिहून ठेवतो, आणि पुढचे सगळे तेवढेच वाचतात, इंग्रजी ओळ वाचतच नाहीत. त्यामुळे संचाबरोबर मऊ पेन्सिली आणि खोडरबर द्यावेत, पेन बंद. अडलेल्या शब्दाचं टिंब चालेल, अर्थ नाही. परत आलेलं पुस्तक कपाटात जाण्याआधी टिंबं मोजून खोडावीत. एका पानावर पाच-सहा जणांची टिंबं एकाच शब्दावर पडलेली दिसली, तर तो शब्द पुढच्या तासाला फळ्यावर.